नव्या पिकअपच्या गोळ्यातून गळणाऱ्या तेलाविषयी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, मंगळवार

तीर्थस्वरूप गंगव्वा आत्याबाई यांच्या पायांवर डोके ठेवून नीलम्माचे शरणार्थ. इकडे आम्ही सर्व सुखरूप असून तुमच्या उजव्या गुडघ्याची काळजी करीत आहोत. (डावा बरा झाल्याचे तुमच्या मागच्या पत्रात होते, म्हणून त्याची काळजी सोडली आहे.) एरंडाचे पान गरम करून बांधता ना? पान बांधायचे आणि लगेच उकिडवे बसून म्हैस पिळायची, असे करीत असाल तर तो पानाचा दोष नव्हे. मागचे पत्र ज्याने लिहून दिले त्याचे अक्षर सुवाच्य आहे, विशेषतः 'ळ'. तुम्हाला अक्षरओळख नाही, पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते, हे ध्यानात ठेवून मी हे मोठ्या अक्षरात लिहीत आहे. वाचणाऱ्याने घाई करू नये, मधले काही गाळू नये, आणि जिथे आवाज अडेल तिथे घोटभर पाणी पिऊन पुढे वाचावे.

दसऱ्याला तुम्ही सांगितलेले अकरा शनिवारांचे व्रत बिनचूक चालू आहे. परवाच्या शनिवारी दहावा झाला. सांगितलेला नवस फळत नाही असे तुम्ही बजावले होते, म्हणून कोणाला सांगितले नाही, तुमच्या भाच्यालाही, म्हणजे ह्यांनाही, नाही. त्या व्रताचे काय झाले ते पुढे येईल. आधी गाडीचे सांगते, कारण व्रत गाडीसाठी होते, आणि गाडीचे जे झाले ते ऐकून तुम्ही मला काय म्हणाल ते मला कळत नाही.

गाडी आली त्या दिवशी तुम्ही इथे होताच. पुढून जीप आणि मागून उघडी, अशी ती पिकअप. वैरागच्या बाजारातून शेंगा घाण्यावर आणायच्या नि तेलाचे डबे गावात पोचवायचे, एवढेच तिचे काम. पण वीस वर्षे दुसऱ्याच्या ट्रकची वाट पाहण्यात गेल्यामुळे ह्यांचा जीव त्या रंगावर किती आहे ते तुम्ही पाहिलेच. बॉनेटवर एक स्वस्तिक काढू दिले, तेही ओल्या फडक्याने पुसता येईल अशा गंधाचे. नारळ फोडला तो गाडीपासून चार हात लांब, पाणी उडेल म्हणून. शेंदराचे नाव काढल्यावर, "ही गाडी आहे, वेशीवरचा दगड नव्हे," असे ते सगळ्यांदेखत म्हणाले. तेव्हा तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितले की, पुढून नजर माणसाची लागते, मागून वाटेवरच्याची लागते. मागच्या अंगाला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, अकरा शनिवार शेंदूर लाव. मी हो म्हणाले. (हे मी तुम्हाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. क्रमाने लिहिले नाही तर माझे मलाच सापडत नाही.)

दिवाळीचा फराळ संपला त्या आठवड्यात गाडीखाली जमिनीवर पहिला डाग दिसला. आमचा तेलाचा धंदा. अंगणात तेलाचा डाग पडला तर त्यात नवल काय? ह्यांना वाटले डबा गळतो. सगळे डबे उपडे करून पाहिले, जस्तकाम करणाऱ्याला बोलावून दोन चांगल्या डब्यांना डाग दिले. दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीखालीही ओले. मी बोटाने ते घेऊन वास घेतला. शेंगतेल नव्हे. काड्यापेटी ओली व्हावी तसा गंधकाचा वास, आणि बोटावर काकवीसारखे घट्ट. फोडणीला चालणार नाही हे निश्चित झाले. इतक्यात आमचा ड्रायव्हर मायाप्पा (तुम्हीच तुमच्या गल्लीतला म्हणून शिफारस करून पाठवलेला) गाडीखाली आडवा होऊन बाहेर आला आणि म्हणाला, "वैनी, ह्ये गोळ्याचं त्याल हाय."

गोळा म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हते, तुम्हालाही नसेल. मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाकडून एक दांडा येऊन त्यात शिरतो आणि आतली दातेरी चाके ती ताकद दोन्ही चाकांना वाटून देतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त, आतल्याला कमी. (दोन सुनांना कामे वाटून देण्यासारखे, फक्त इथे भांडण होत नाही.) त्याचे कागदावरचे नाव डिफरन्शियल. मिस्त्री लोक गोळा म्हणतात. मीही तेच लिहिते, कारण वाचणाऱ्याला ते चटकन कळेल. त्या गोळ्यात हे घट्ट तेल असते आणि ते संपले तर दाते एकमेकांना खातात.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी गाडीखाली जुने वर्तमानपत्र अंथरून थेंब मोजू लागले आणि दुधाच्या वहीत, दुधाच्याच ओळीत, लिहू लागले. दूध दीड लिटर, थेंब सतरा. दूध दीड लिटर, थेंब एकोणीस. वैरागची फेरी झाली की तीसच्या वर. ह्यांनी ती वही एकदा पाहिली आणि फळीवर ठेवून दिली.

सात रस्त्याच्या लालासाब मिस्त्रीने सील बदलले. सील म्हणजे दांड्याभोवतीचे रबर. चार दिवस कोरडे गेले, पाचव्या दिवशी थेंब बारा. पुन्हा बदलले, पुन्हा गळले. गाडी नवी, गॅरंटीत, म्हणून ह्यांनी कंपनीला पत्र घातले आणि तिकडून एक साहेब आले. पांढरी विजार असल्यामुळे त्यांना गाडीखाली जाता आले नाही. त्यांनी वाकून बॅटरीचा झोत टाकला, गोळ्याच्या बुडाला एक ओरखडा होता तो पाहिला आणि उभे राहून सांगितले की, गोळा दगडावर आदळलेला आहे, हे ड्रायव्हरचे काम, याला गॅरंटी नाही. मग चहा घेऊन गेले. (त्यांनी साखर दोन चमचे घेतली. ते असो.)

आत्याबाई, इथून पुढचे लिहिताना माझा हात जड होतो. ह्यांनी मायाप्पाला अंगणात उभे केले. तो म्हणाला, "आप्पा, दगडाला गाडी शिवली सुदिक न्हाय. त्यो वरकडा पयल्या दिवसापास्नं हाय. म्या तवाच दावला व्हता." ह्यांना आठवेना. मला वाटले, खरेखोटे देवापुढे होऊ दे. मी देव्हाऱ्यातला बेल आणि सिद्धेश्वराची विभूती आणून त्याच्या हातावर ठेवली आणि शपथ घे म्हणाले. त्याने बेल कपाळाला लावून शपथ घेतली. नंतर फक्त एकदाच माझ्याकडे पाहिले. मला वाटले, मी चार शब्द बोलावेत अशी त्याची अपेक्षा असावी. मी बोलले नाही, घरातली बाई धंद्यात कशी बोलणार? हे म्हणाले, "शपथेनं तेल थांबत असतं तर मिस्त्री कशाला ठेवले असते?" आणि त्यांनी हात पुढे केला. मायाप्पाने किल्ली दिली. ती त्याने आधी धोतराला पुसली.

नव्या गाडीचा गोळा फोडणारा, असे त्याचे नाव पडले, हे मला भाजीवाल्या फुलाबाईकडून कळले. कोणी त्याच्या हाती गाडी देत नाही आणि तो तुमच्या वैरागच्या बाजारात पोती उचलतो, हेही तिनेच सांगितले. तुमच्या मागच्या पत्रात मात्र गुडघ्यापासून म्हशीच्या कासेपर्यंत सर्व होते आणि त्याच्याविषयी एक अक्षर नव्हते.

पुढे गाडी हे स्वतः चालवू लागले. पहिल्या दिवशी घाण्याच्या फाटकाचा खांब गेला, दुसऱ्या दिवशी एका म्हशीने गाडीला वाट दिली नाही आणि ह्यांनी खाली उतरून तिला समजावले, तोवर मागे बैलगाड्यांची रांग लागली. ते असो. मुद्दा असा की, मी थेंब मोजीतच होते. मायाप्पा असताना सतरा, एकोणीस, तीस. तो गेल्यावर अठरा, एकवीस, बत्तीस. माणूस गेला, थेंब तेवढेच. मी वही ह्यांच्यासमोर उघडी ठेवली. त्यांनी पाहिली, आणि त्या रात्री भाकरी अर्धी टाकून उठले.

शुक्रवारी मी लालासाब मिस्त्रीला निरोप धाडला की, आधी गळती कुठून आहे ते पाहा, मग रबर बदला. त्याने उलट विचारले की, सगळे बूड तेलाने माखलेले, कळणार कसे? आता हे तर स्वयंपाकघरातले आहे. रॉकेलचा डबा कुठून पाझरतो ते पाहायचे तर तो सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडा पुसून, वर राख भुरभुरायची. राख जिथे आधी काळी पडेल तिथे भोक. तसेच केले. शनिवारी सकाळी मिस्त्री अंगणातच आला. गोळा, त्याच्या दोन्ही बाजूंनी चाकांपर्यंत गेलेल्या नळ्या, सगळे खालच्या अंगाने धुऊन पुसले आणि मी गोवरीची राख गाळणीने गाळून दिली. (पिठी वापरू म्हणत होता. पिठी काय फुकट येते?) हे गाडी तुळजापूर नाक्यापर्यंत नेऊन आले. मिस्त्री खाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग आतूनच म्हणाला, "आप्पा, तीनों जगह से गिली है. दोनों चक्के, और सामने का भी." हे म्हणाले, मग तिन्ही सील बदल. तो म्हणाला, "नक्को. तीन सील एकदम कैसे जाते? रबर का कुछ कसूर नहीं. इसका दम घुट रा है."

मग त्याने जे सांगितले ते असे. गाडी पळाली की गोळा तापतो, आतली हवा फुगते. ती जाण्यासाठी वरच्या अंगाला एक बोंड असते, बोटभर उंच, वर टोपी, टोपीखाली बारीक भोक. गोळा त्यातून श्वास सोडतो. ते बुजले तर हवा तेलालाच ढकलते आणि तेल मिळेल त्या रबराखालून बाहेर येते. "बोंड कुठाय?" असे हे विचारतात, मिस्त्री चाचपतो, आणि शेवटी विचारतो, "आप्पा, यो लाल लाल क्या है?"

आत्याबाई, मी हातात चहाचा पेला घेऊन उभी होते.

कोणाला दिसणार नाही अशी जागा शोधत मी दसऱ्यानंतरच्या शनिवारी पहाटे, न्हाऊन, पोते अंथरून गाडीखाली गेले होते. बॉनेटखाली लावले तर हे रोज उघडतात. फळीला लावले तर पोत्यांना लागेल. पाहते तो गोळ्याशेजारच्या नळीवर, वरच्या अंगाला, एक लहानशी मूर्ती. खाली बैठक, दोन्ही अंगांना खांदे, वर टोपी. देव आधीच येऊन बसलेला होता, शेंदूर तेवढा राहिला होता. मी डोळे भरून पाहून नमस्कार केला. दहा शनिवार शेंदूर आणि तेल, हात आखडता न घेता. घरचे तेल, त्यात काटकसर केली नाही. (आयुष्यात एवढ्या एकाच ठिकाणी केली नाही.)

मिस्त्रीने पेचकसाने टोचले तशी ती सबंध खोळ सुटली, मारुतीची शेंदराची खोळ सुटते तशी, अखंड, आतून त्या बोंडाचा ठसा असलेली. आणि गोळ्याने श्वास सोडला. फुस्स असा आवाज आला तो मी देव्हाऱ्यापाशी असते तरी मला ऐकू आला असता. मिस्त्री बाहेर आला. हातात ती लाल खोळ. त्याने ह्यांच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग पेल्याभोवतीच्या माझ्या बोटांकडे. दहावा शनिवार त्याच सकाळी झालेला, अनामिका अजून लाल. तो म्हणाला, "मिट्टी बैठी थी, आप्पा. लाल मिट्टी." हे म्हणाले, "लाल माती? सोलापुरात?" तो म्हणाला, "वैराग की होएंगी." (वैरागची मातीही काळीच आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.) त्याने चहा घेतला, खोळ खिशात घातली आणि जाताना मला म्हणाला, "वैनी, भगवान कू हवा आने देव."

रविवारी सकाळी थेंब दोन, काल एकही नाही, आज एकही नाही. दुधाच्या ओळीत दोनदा शून्य काढले.

सर्वांत मनाला लागते ते हे. प्रेशर कुकर आमच्याकडे तीन वर्षे आहे. शिट्टीचे भोक भाताने बुजले की वाफ रबराखालून येते, रबर बदलून काही होत नाही, आधी शिट्टी फुंकून पाहावी, हे शेजारच्या बनाबाईला मीच शिकवले. तिने दोन रबरे बदलली होती आणि मी तिला हसले होते. मला सर्व ठाऊक होते, आत्याबाई. फक्त ते गाडीखाली असेल असे वाटले नाही. आणि ज्याने खरी शपथ घेतली त्याच्या हातावर विभूती ठेवणारे बोट हेच.

तीन दिवस पूजेला बसते पण लक्ष लागत नाही. ह्यांना अजून सांगितलेले नाही. नवस फुटला म्हणून गाडीला काही झाले तर ही भीती, आणि नवस राखला म्हणून माणसाचे जे झाले ते झालेच आहे. तुम्ही वडीलधाऱ्या, दोन्हींतले मोठे पाप कोणते ते सांगावे. गुडघ्याला जपावे. म्हशीची नि धाकट्या रेडकाची दृष्ट काढावी. कळावे, लोभ आहेच.

तुमची आज्ञाधारक,
नीलम्मा

ता. क. पत्र पाकिटात घालताना लक्षात आले की, उत्तर येईपर्यंत शनिवार उजाडेल. अकरावा राहिला आहे. अर्धवट सोडू नये म्हणतात. जागा बदलली तर चालते का?

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवले होते ते उघडले आहे, डिंक फुकट गेला. उत्तराची वाट पाहवली नाही. आत्ता चहाच्या वेळी ह्यांना सर्व सांगितले, बोंडापासून खोळीपर्यंत. त्यांनी चहा बशीत ओतला आणि तसाच निवू दिला. म्हणाले, "लाल माती." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "वैरागची." मग बाहेर जाऊन स्वच्छ असलेली गाडी पुन्हा धुतली. आत आल्यावर विचारले, "तो ओरखडा पहिल्या दिवशी दाखवला होता ना त्यानं?" मी म्हणाले, होय, मी तिथे होते. गुरुवारी ते गाडी घेऊन तुमच्या दारात येत आहेत. पत्र आजच टपालात टाकते म्हणजे आधी पोचेल. शेंगांचा बाजार आहे असे सांगतील. गुरुवारी बाजार नसतो हे तुम्ही बोलून दाखवू नये.

ता. क. तिसरा. आत्याबाई, तुमची परवानगी गृहीत धरून एवढे वाचणाऱ्यासाठी लिहिते. मायाप्पा, तो 'ळ' मी ओळखला. फेरीच्या चिठ्ठ्यांवर 'शेंगांची पोती ४०, एक सैल गाठीचे, शिवून घेतले' असे लिहायचास, त्यात 'ळ' नसला तरी खालच्या 'तेल गळत नाही' मध्ये असायचा. तुझ्या थोरल्या वहिनीच्या वयाच्या बाईने ड्रायव्हरला पत्र कसे घालावे हे मला कोणी शिकवले नाही, म्हणून आत्याबाईंच्या गुडघ्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या शनिवारी तू लवकर आलास आणि मी गाडीखालून निघताना तुला दिसले. "वैनी, काय पडलं का?" म्हणून विचारलेस. मी म्हणाले, वाटी. वाटी पडली नव्हती. अंगणात तू माझ्याकडे एकदा पाहिलेस ते कशासाठी, हे मला परवा मिस्त्रीने बोटाकडे पाहिले तेव्हा कळले. तू ते बोलला असतास तर तुझी किल्ली राहिली असती. तू बोलला नाहीस.

ह्यांना क्षमा मागता येत नाही, तीस वर्षांत मी ऐकलेली नाही. ते येतील, म्हशीची चौकशी करतील, आभाळाकडे पाहतील आणि किल्ली ओट्यावर ठेवून पाणी मागतील. पाणी दे आणि किल्ली घे. येताना ते शेजारी बसतील, त्यांना बसू दे.

आणि शनिवारी पहाटे मी पुन्हा गाडीखाली दिसले, तर काय पडलं म्हणून विचारू नकोस. "वैनी, तितं न्हाय, हितं लावा," असे सांग, आणि जागा दाखव.